काळी, पांढरी आणि पाहुणा : प्रवरेकाठच्या गावांना भेट कशी द्यावी?

१/
मे महिना संपत आला की शनिवारच्या रात्री भंडारदऱ्याच्या रस्त्यावर मोटारींची रांग लागते. मुंबई, पुणे आणि नाशिकहून माणसे काजवे पाहण्यासाठी निघालेली असतात. काजवा दिसतो अंधारात, आणि त्याला पाहायला येणारी प्रत्येक मोटार स्वतःबरोबर दोन प्रखर दिवे घेऊन येते. छोट्या गावांच्या पर्यटनातील सारा पेच या एका दृश्यात सामावला आहे. जे पाहण्यासाठी गर्दी जमते, त्याचीच त्या गर्दीने झीज होते.

२/
हा पेच समजून घेण्यासाठी इतिहासाची मदत होते, आणि त्यासाठी अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील प्रवरेच्या खोऱ्याइतके चांगले ठिकाण क्वचितच सापडेल. येथे हजारो वर्षे शेती होत आली आहे आणि परगावचा माणूस येणे ही येथे नवलाईची गोष्ट नाही. या थ्रेडचे म्हणणे थोडक्यात असे : शेतकरी गावांनी पाहुण्याला सामावून घेण्याची एक रीत घडवली होती. आजच्या ‘महोत्सवां’नी जत्रेची गर्दी उचलली, पण ती रीत मागेच राहिली.

३/
आधी दोन जुने शब्द. मराठी गावगाड्यात गावाचे दोन भाग मानले जात : काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. घरांच्या भिंतींची माती, चुलीची राख, जनावरांचे शेण हे सारे पिढ्यान्‌पिढ्या एकाच जागी साचत गेले की वस्तीची माती पांढुरकी होते. पुरातत्त्वज्ञ आजही नदीकाठची अशी पांढरीची टेकाडे पाहून प्राचीन वस्तीचा माग काढतात. काळी पिकते म्हणून पांढरी वसते. हे नाते लक्षात ठेवले की पुढचे सारे सोपे होते.

४/
प्रवरा उगम पावते अकोले तालुक्यात, रतनगडाच्या परिसरात. तेथून भंडारदऱ्यावरून अकोले, संगमनेर, राहुरी आणि श्रीरामपूर या तालुक्यांतून वाहत ती नेवासे ओलांडते आणि प्रवरासंगम येथे गोदावरीला मिळते. लोक तिला अमृतवाहिनी म्हणतात. समुद्रमंथनानंतर मोहिनीरूप विष्णूने अमृत वाटले ते नेवाशात, अशी कथा आहे आणि तेथे मोहिनीराजाचे मंदिरही आहे. नदीच्या उगमाशी रतनवाडीतले अमृतेश्वराचे मंदिर आणि शेवटच्या टप्प्यात मोहिनीराज, असा हा अमृताचा धागा सबंध खोऱ्यातून गेलेला आहे.

५/
संगमनेरजवळ प्रवरेकाठी जोर्वे नावाचे गाव आहे. १९५०-५१ मध्ये ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी तेथे उत्खनन केले. लाल पृष्ठभागावर काळ्या रंगाची नक्षी असलेली मृद्‌भांडी, तोटीची भांडी आणि तांब्याच्या चपट्या कुऱ्हाडी या गावाशी जोडल्या गेल्या. पुढे महाराष्ट्रात ठिकठिकाणी तशीच भांडी सापडत गेली. इ. स. पू. सुमारे १४०० ते ७०० या काळातील त्या शेतकरी संस्कृतीला नाव मिळाले ‘जोर्वे संस्कृती’. भारतीय पुरातत्त्वाच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात अहिल्यानगर जिल्ह्यातील एका खेड्याचे नाव छापलेले असते.

६/
आणि तरीही शिर्डीहून पुण्याकडे जाणाऱ्या लाखो प्रवाशांपैकी किती जण जोर्व्याला थांबतात? थांबले तरी पाहणार काय, हा प्रश्न रास्त आहे. किल्ल्याला बुरूज असतो, मंदिराला शिखर असते. ताम्रपाषाणयुगीन गावाला यांपैकी काहीच नसते. त्या लोकांनी कुडाची, मातीची घरे बांधली, धान्य पिकवले, जनावरे पाळली आणि त्यांचे अवशेष मातीतच राहिले. ज्या वारशाला उंची नाही तो पर्यटनाच्या नकाशावर येत नाही. दगडात कोरलेल्यालाच वारसा समजण्याची सवय येथे आड येते.

७/
दुसरे उदाहरण श्रीरामपूर तालुक्यातील दायमाबादचे. प्रवरेच्या डाव्या तीरावरील हे पांढरीचे टेकाड १९५८ मध्ये बो. पु. बोपर्डीकर यांच्या नजरेस आले. त्यानंतर म. ना. देशपांडे, शि. रं. राव आणि सु. आ. साळी यांच्या नेतृत्वाखाली १९७९ पर्यंत टप्प्याटप्प्याने उत्खनने झाली. सावळदा, उत्तर हडप्पा, दायमाबाद, माळवा आणि जोर्वे अशा पाच संस्कृतींचे थर एकावर एक मिळाले. सिंधू संस्कृतीचा उत्तरकालीन प्रभाव दख्खनमध्ये इतक्या दक्षिणेपर्यंत पोहोचला होता, हे या टेकाडाने दाखवून दिले.

८/
सर्वांत विलक्षण शोध मात्र कोणत्याही उत्खननात लागला नाही. १९७४ मध्ये एक भिल्ल रहिवासी तेथे झुडपाचे मूळ खणत असताना त्याला धातूच्या चार मूर्ती लागल्या : हत्ती, गेंडा, रेडा आणि दोन बैल जुंपलेला रथ. चारही मिळून वजन ६० किलोहून अधिक. रथ सुमारे ४५ सेंटीमीटर लांब. त्यावर उभा असलेला सारथी सुमारे १६ सेंटीमीटर उंच. आणि रथाच्या दांड्यावर उभे असलेले एक कुत्रे. भारतीय प्राचीन कलेच्या इतिहासात या मूर्तींना तोड नाही.

९/
या मूर्तींच्या काळाविषयी विद्वानांत एकमत झालेले नाही. त्या उत्तर हडप्पा काळातील आहेत असे अनेक पुरातत्त्वज्ञ मानतात, तर धातूतील आर्सेनिकच्या प्रमाणावरून काहींनी त्याविषयी शंका घेतली. वाद मिटत नाही याचे कारण सरळ आहे. मूर्ती थरांच्या शास्त्रीय नोंदीसह बाहेर आल्या नाहीत. कोणत्या थरात, कोणत्या खापरांसोबत त्या होत्या, हे निश्चितपणे सांगणारा पुरावा हाती नाही. वस्तू हाती आली, तिचा संदर्भ हातून गेला. इतिहासप्रेमी तरुणांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे. पुढे त्याची गरज पडणार आहे.

१०/
त्या मूर्ती आज महानगरांतील संग्रहालयांची शोभा आहेत. सुरक्षिततेच्या दृष्टीने ते योग्यच म्हणावे लागेल. पण दायमाबादच्या परिसरातील शाळकरी मुलाला तो रथ पाहायचा असेल तर शेकडो किलोमीटरचा प्रवास करावा लागतो. उलट महानगरातील मुलाला तो काचेच्या पेटीत दिसतो, पण ज्या काळ्या जमिनीने त्या कारागिराला पोसले ती दिसत नाही. जव, मसूर, वाटाणा, उडीद, मूग पिकवणाऱ्या लोकांची ही वस्ती होती. त्यातली कित्येक धान्ये त्याच खोऱ्यात आजही पेरली जातात. दोन्ही मुलांच्या वाट्याला इतिहासाचा अर्धाच भाग येतो.

११/
बैल जुंपलेला रथ ज्या मातीत सापडला, त्याच मातीत श्रावण अमावास्येला पोळा साजरा होतो. त्या दिवशी बैलाच्या खांद्यावर जू ठेवले जात नाही. त्याला नदीवर धुतात, शिंगे रंगवतात, अंगावर झूल घालतात आणि पुरणपोळीचा घास भरवतात. रथ आणि पोळा यांत अखंड परंपरा आहे असा दावा करणे इतिहासाच्या शिस्तीत बसणार नाही. मात्र बैलाला मानाचे स्थान देणारा समाज या खोऱ्यात तेव्हाही होता आणि आजही आहे, एवढे म्हणता येते. पोळ्याच्या दिवशी प्रवरेकाठच्या गावात उभे राहिले तर तो रथ अधिक कळतो.

१२/
नदीच्या शेवटच्या टप्प्यात नेवासे आहे. १९५४ ते ५६ या काळात सांकलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे मोठे उत्खनन केले. अश्मयुगीन हत्यारांपासून ऐतिहासिक काळापर्यंतचा क्रम हाती आला. ताम्रपाषाणयुगीन दफनात तांब्याचे मणी ओवलेल्या धाग्याचे अवशेष मिळाले. सातवाहनकालीन थरांत रोमन जगाशी असलेल्या व्यापाराच्या खुणा दिसल्या. समुद्रापासून इतक्या दूर असलेल्या शेतकरी गावात दोन हजार वर्षांपूर्वी भूमध्य समुद्राकाठचा माल पोहोचत होता. गाव म्हणजे जगापासून तुटलेली वस्ती, ही समजूत नेवाशाच्या मातीत टिकत नाही.

१३/
याच नेवाशात शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. ज्या खांबाला टेकून ज्ञानदेवांनी ती सांगितली असे वारकरी मानतात, तो ‘पैस’ आजही तेथे आहे आणि त्यावर शिलालेखही आहे. ज्ञानेश्वरीच्या दृष्टान्तांत पेरणी, मळणी, पाट, गाय, वासरू, बीज आणि अंकुर यांची रेलचेल आहे. तत्त्वज्ञान सांगायला कवीने शेतकऱ्याच्या अंगणातली सामग्री घेतली. पैसाला नमस्कार करून लगेच परतणारा यात्रेकरू पांढरी पाहतो. ग्रंथ मात्र काळीनेही घडवलेला आहे.

१४/
आता पाहुण्याकडे वळू या. शेतकरी गावात परका माणूस मोठ्या संख्येने येण्याची जुनी संधी म्हणजे जत्रा. महाराष्ट्रातील अनेक ग्रामदैवतांच्या जत्रा चैत्रात भरतात, कारण तोवर रब्बीची मळणी उरकलेली असते, घरात धान्य असते, हाताला थोडी उसंत असते आणि पावसाळ्यापूर्वी अवजारे, भांडी, जनावरे घेण्याची गरज असते. जत्रेची तिथी पंचांगात असली तरी तिचा हिशेब शेतात ठरलेला असतो. काळी मोकळी झाली की पांढरी पाहुण्यांसाठी दार उघडते.

१५/
प्रवरेचे खोरे क्षणभर सोडून त्याच जिल्ह्यातील पाथर्डी तालुक्यात गेले तर मढी हे गाव लागते. कानिफनाथांची समाधी असलेल्या या गावी होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत यात्रा चालते. रंगपंचमी हा तिचा मोठा दिवस. रेवड्यांचा प्रसाद आणि गाढवांचा बाजार ही मढीची ख्याती. माल वाहून पोट भरणाऱ्या कष्टकरी आणि भटक्या समाजांसाठी हा बाजार म्हणजे वर्षभराच्या उपजीविकेची खरेदी. वर्षभर विखुरलेली कुटुंबे येथे भेटत, सोयरिकी जुळत, देणी-घेणी मिटत. ही जत्रा अनेकांसाठी देवदर्शनाइतकीच कामाचीही जागा होती.

१६/
दुसरी रीत दिंडीची. संत निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वरहून पंढरपूरला जाताना याच जिल्ह्यातून जाते. बेलापूर, राहुरी, नगर, मिरजगाव ही तिच्या वाटेवरची गावे. हजारो माणसे एका गावात उतरतात आणि सकाळी निघून जातात. कोणी भाकरी द्यायची, कोणी पिठले करायचे, कोठे पाणी भरायचे, कोणत्या वाड्यात कोणती दिंडी उतरायची, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले असते. हजारोंच्या मुक्कामाचे एवढे मोठे नियोजन ही गावे दरवर्षी पार पाडतात आणि वारकरी हा गावाचा पाहुणा असतो, गिऱ्हाईक नव्हे.

१७/
तिसरी रीत हुरड्याची. पौष-माघात शाळूची कणसे दुधात येऊन भरू लागली की शेतकरी आप्तांना शेतावर बोलावतो. आगटीत गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर कणसे भाजायची, हातावर चोळून दाणे वेगळे करायचे आणि गरम हुरडा लसणाच्या चटणीबरोबर, गुळाबरोबर खायचा. येथे पाहुणा थेट काळीत येऊन बसतो. आज याच गोष्टीची ‘हुरडा पार्टी’ झाली आहे आणि तिला माणशी दर आहे. त्यात गैर काही नाही. शेतकऱ्याच्या श्रमाला मोल मिळालेच पाहिजे. प्रश्न एवढाच की आगटी कोणाच्या शेतात पेटते आणि पैसा कोणाच्या घरी जातो.

१८/
या तिन्ही रीतींत समान सूत्रे दिसतात. पहिले काळाचे : पाहुणा शेतीच्या वेळापत्रकानुसार येतो. दुसरे मर्यादेचे : मुक्काम ठरलेला, जागा ठरलेली, वागणुकीचे संकेत ठरलेले. तिसरे वाट्याचे : रेवडीवाला, कासार, कुंभार, बैलवाला, पाणक्या अशा पुष्कळ हातांत पैसा जातो. चौथे परतफेडीचे : आज यजमान असलेला उद्या दुसऱ्या गावच्या जत्रेत पाहुणा असतो. हा न लिहिलेला करार होता आणि त्याच्या बळावर लहानशी गावे मोठी गर्दी पेलत होती.

१९/
मात्र या जुन्या रीतीचे उदात्तीकरण करणे इतिहासाशी प्रतारणा ठरेल. जत्रेतले मानपान जातीच्या उतरंडीवर बेतलेले होते. पालखीला खांदा कोणाचा आणि दूर उभे राहायचे कोणी, हेही ठरलेलेच असे. मढीच्या यात्रेत भटक्या समाजांच्या जातपंचायती भरत आणि त्यांचे निवाडे अनेक कुटुंबांना, विशेषतः स्त्रियांना, जाचक ठरत. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राला २०१६ मध्ये कायदा करावा लागला, तो उगाच नव्हे. करारातली मर्यादेची आणि वाट्याची कलमे घ्यावीत. उतरंडीचे कलम फाडून टाकावे.

२०/
रीती नव्यानेही घडतात, याचा पुरावा श्रीरामपूर तालुक्यातील हरेगावात आहे. प्रवरेच्या कालव्यांनी हा भाग उसाचा झाला, हरेगावला साखर कारखाना आला आणि मजुरांची वस्ती वाढली. आज तेथे सप्टेंबरात मतमाउलीची यात्रा भरते. मरियामातेच्या जन्मोत्सवाच्या निमित्ताने मोठा जनसमुदाय जमतो, आणि त्याला शब्द मराठीच लागतो : ‘यात्रा’, ‘माउली’. विसाव्या शतकात वाढलेल्या एका गावाने जुन्या जत्रेचा साचा स्वीकारला आणि त्यात आपला आशय भरला. म्हणजे साचा जिवंत आहे. तो वापरणारे हवेत.

२१/
कालव्यांचा उल्लेख आला की नजर पुन्हा भंडारदऱ्याकडे जाते. १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळानंतर ब्रिटिश सरकारने दख्खनमध्ये सिंचनाची मोठी कामे हाती घेतली. भंडारदऱ्याच्या धरणाचे काम १९१० मध्ये सुरू झाले आणि १९२६ मध्ये संपले. मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचे नाव त्याला मिळाले. पर्यटक ज्या ‘अंब्रेला फॉल’ची छायाचित्रे काढतात, तो धरणातून सोडलेल्या पाण्याचाच धबधबा आहे. निसर्ग म्हणून जे पाहिले जाते, त्यातला मोठा भाग दुष्काळाच्या इतिहासाने घडवलेला आहे.

२२/
या पाण्याने खालच्या तालुक्यांचे रूप पालटले. ऊस आला, आणि १९५०-५१ च्या हंगामात लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. पण ज्या अकोले तालुक्यात पाऊस कोसळतो, तेथील आदिवासी गावांत उन्हाळ्यात पाण्यासाठी वणवण असते. प्रवरेवरील निळवंडे धरणाला १९७० मध्ये मंजुरी मिळाली आणि त्याच्या डाव्या कालव्याचे लोकार्पण झाले ऑक्टोबर २०२३ मध्ये. जलाशयाच्या काठी तंबूत राहणाऱ्याने हे पाणी कोणासाठी अडवले, हा प्रश्न एकदा तरी विचारावा.

२३/
याच डोंगरांत राघोजी भांगरे यांनी इंग्रज आणि सावकारांविरुद्ध बंड पुकारले. महादेव कोळी समाजातील या क्रांतिकारकाचा जन्म अकोले तालुक्यातील देवगावचा. ठाण्याच्या तुरुंगात त्यांना २ मे १८४८ रोजी फाशी देण्यात आले. कळसूबाई (१,६४६ मीटर), रतनगड आणि हरिश्चंद्रगड चढणारे हजारो तरुण याच गावांतून वर जातात. बहुतेकांना गडाची उंची माहीत असते. पायथ्याच्या माणसांचा इतिहास माहीत नसतो. गड म्हणजे पांढरीचाही एक कोपरा. बाकीचे गाव खालीच राहते.

२४/
आता काजव्यांकडे. काजवा आयुष्याचा बहुतेक काळ अळीच्या रूपात ओलसर मातीत आणि पालापाचोळ्यात काढतो. पंख फुटल्यावर हाती उरतात मोजके दिवस. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर अशा झाडांवर नर लुकलुकतात ते मादीला खूण पटावी म्हणून. मादी बहुधा जमिनीलगत किंवा खालच्या झुडपांत असते. मोटारीचा झोत, विजेरी किंवा मोबाईलचा फ्लॅश पडला की ही खूण पुसली जाते. आणि झाडाखाली गर्दी झाली की मादी व अंडी पायदळी जातात. पुढच्या वर्षीचे काजवे या वर्षीच्या अंधारावर अवलंबून असतात.

२५/
दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. मेअखेरीचे आठवडे आदिवासी कुटुंबांसाठी कठीण असतात. घरातले भात सरत आलेले असते, खरिपासाठी बियाणे घ्यायचे असते आणि शेतात काम नसते. अशा वेळी जेवण, मुक्काम, वाटाड्याचे काम यांतून मिळणारा पैसा पेरणीला कामी येतो. काजव्यांसाठी पर्यटन बंद करा, असे शहरात बसून सांगणे सोपे असते. त्याची किंमत मात्र उडदावणे, पांजरे, मुरशेत, घाटघर अशा गावांना मोजावी लागेल. पाहुणा हवाच आहे. प्रश्न त्याच्या संख्येचा, वेळेचा आणि वागण्याचा आहे.

२६/
अभयारण्यात वन विभागाने वेळेवर आणि प्रकाशावर निर्बंध घातले आहेत, ते योग्यच आहेत. पण केवळ फलक आणि दंड यांनी ते टिकणार नाहीत. जत्रेतला नियम पाळला जाई, कारण तो गावाचा असे आणि मोडणाऱ्याला साऱ्या गावाची नजर दिसे. म्हणून गाड्या गावाबाहेर थांबवणे, रात्रीचे पाहुणे मोजके ठेवणे, गटासोबत गावातला वाटाड्या सक्तीचा करणे, आणि काही झाडांचे पट्टे पूर्ण अंधारात राखणे, हे निर्णय ग्रामसभांच्या हाती असावेत आणि प्रवेशशुल्कही त्यांच्याकडेच राहावे. मर्यादा घालणारा आणि उत्पन्न मिळवणारा एकच असला की मर्यादा टिकते.

२७/
पाहुण्याने येऊन काय न्यावे, याचा उत्तम नमुना अकोले तालुक्यातच आहे. कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी भात, वाल, नाचणी, भाजीपाला यांचे देशी वाण जमवून बियाण्यांची बँक उभी केली. २०२० मध्ये त्यांच्या नावाची पद्मश्रीसाठी घोषणा झाली. लोक त्यांच्या घरी जातात ते शिकायला. पीक कोणते, बी कसे राखायचे, राखेत का घोळायचे, हे ऐकायला. अशा भेटीत यजमान हा गुरू असतो. वारसा दगडातच असतो असे नाही. तो वालाच्या एका दाण्यातही असतो, आणि तो दाणा काळीतलाच असतो.

२८/
इतिहासप्रेमींच्या एका सवयीविषयी स्पष्ट बोलणे भाग आहे. नदीकाठच्या टेकाडावर नक्षीचे खापर दिसले की ते खिशात जाते आणि संध्याकाळी त्याचे छायाचित्र समाजमाध्यमांवर येते. दायमाबादच्या मूर्तींचा वाद का मिटत नाही, हे वर आलेच आहे. जागेवरून उचललेले खापर मुके होते. प्राचीन वस्तूंच्या संरक्षणासाठी १९७२ चा कायदा आहे, पण त्याआधी साधा विवेक आहे. खापर जागीच ठेवावे, छायाचित्र घ्यावे, ठिकाणाची नोंद करावी आणि पुरातत्त्व विभागाला कळवावे. शिवाय ते टेकाड कोणाच्या तरी शेतात असते. आधी परवानगी, मग कुतूहल.

२९/
शासनाकडे मागणी करायचीच तर ती महोत्सवांच्या मांडवांची नसावी. जोर्वे, दायमाबाद आणि नेवासे या तीन ठिकाणी लहानसे ग्रामसंग्रहालय असावे. मूळ मूर्ती महानगरातच राहोत. त्यांच्या उत्तम प्रतिकृती, थरांचे नकाशे, धान्यांचे नमुने आणि खापरांची ओळख गावात असावी. माहिती सांगण्याचे काम त्याच गावातल्या तरुणांना द्यावे. खर्च फार नाही, असे म्हणून ही मागणी आजवर बाजूला पडत असेल तर ते दुर्दैव होय; कारण ज्याचे उद्‌घाटन भव्य होत नाही, ते बहुधा होतच नाही.

३०/
जिल्ह्याला २०२४ मध्ये अहिल्यादेवींचे नाव मिळाले. जामखेड तालुक्यातील चौंडी हे त्यांचे जन्मगाव, जन्मवर्ष १७२५. मंदिरांच्या जीर्णोद्धाराइतकीच त्यांची ओळख घाट, विहिरी, बारवा आणि धर्मशाळा यांच्याशी जोडलेली आहे. काशीपासून रामेश्वरापर्यंत त्यांच्या दानधर्माच्या खुणा आहेत. प्रवाशाला पाणी, सावली आणि मुक्काम मिळावा, आणि त्याचा भार त्या क्षेत्रातल्या लोकांवर पडू नये, हा त्यामागचा विचार. पर्यटन म्हणजे काय, याचे याहून नेमके उत्तर शोधायला दूर जाण्याची गरज नाही. जिल्ह्याचे नाव तेच सांगते.

३१/
म्हणून तरुण इतिहासप्रेमीसाठी वर्षाचे कोष्टक असे असावे : माघात हुरडा, होळीनंतर मढी, चैत्रात एखाद्या ग्रामदैवताची जत्रा, ज्येष्ठात पालखीच्या वाटेवरचे एक गाव, श्रावण अमावास्येला प्रवरेकाठचा पोळा. जाताना बसने जावे, गावातल्या घरी जेवावे, एक रात्र राहावे, मंदिर पाहून झाल्यावर शेतात जावे आणि तेथील माणसाला ‘यंदा काय पेरले?’ असे विचारावे. त्या एका प्रश्नाने पांढरीतून काळीत जाण्याची वाट उघडते.

३२/
आणि काजवे पाहायचेच असतील तर पाऊस जवळ आलेल्या एखाद्या आडवारी, गाडी लांब ठेवून, वाटाड्याच्या मागे, दिवा न लावता चालत जावे. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला काही मिनिटे लागतात. तेवढी वाट पाहिली की आधी एक झाड दिसू लागते, मग दुसरे, आणि मग सारा उतार. रीतीने आलेल्या पाहुण्याला गाव असेच हळूहळू दिसत जाते.

(थ्रेड समाप्त)